चार ओळी अवाच्य

निधी पत्र्याचा डबा छातीशी धरून खोलीत आली तेव्हा आसावरी पोंक्षे विद्यार्थ्यांचे पेपर तपासत होती. खोली काही तिची एकटीची नव्हती. युनिव्हर्सिटीत सेमिस्टरपुरत्या करारावर शिकवणारे चौघे तिथे आळीपाळीने बसत. एकच टेबल आणि पार्किंगच्या भिंतीकडे उघडणारी एक खिडकी.

"मावशी, गेस व्हॉट!" निधी म्हणाली. "दस्तगीरकाकांनी दिला. सगळं दिलं. त्यांच्या वडिलांचे लेटर्स, डायरी, एव्हरीथिंग!"

आसावरीने लाल पेनचं टोपण लावलं.

"अरे वा," ती म्हणाली.

निधी शहाणे एकतीस वर्षांची. जन्म न्यू जर्सीचा, शिक्षण चांगल्या चांगल्या नावांच्या ठिकाणी. दीड वर्षापूर्वी ती इतिहास विभागात कायम होण्याच्या वाटेवरची प्राध्यापक म्हणून आली. तिला स्वतःची खोली मिळाली, दारावर नावाची पाटी मिळाली, उभं राहून काम करायचं टेबल मिळालं. आसावरी चव्वेचाळीस वर्षांची. पुण्याला पीएच. डी. करून ती नवऱ्याच्या, केदारच्या, नोकरीमागे अमेरिकेत मॉरिसव्हिलला आली, त्याला पंधरा वर्षं झाली. त्यातली पहिली काही वर्षं व्हिसामुळे नोकरी करायचीच परवानगी नव्हती. ती मिळाली तेव्हा बोलावणारं कुणी उरलं नव्हतं. निधी तिला 'मावशी' म्हणायची, कारण तिच्या आईने तिला तसं शिकवलं होतं. प्रत्येक वेळी आसावरीला वाटायचं, आपण तिच्या बरोबरीच्या नाही हे ही पोर किती गोड शब्दांत सांगते.

दोघींचा विषय जवळचा होता, आणि दुखणं तिथेच होतं. आसावरीने बारा वर्षं करंजगड संस्थानावर काम केलं होतं. इंग्रजांच्या शेवटच्या काळात दक्षिणेकडच्या या लहानशा संस्थानात राजेसाहेबांनी प्रतिनिधी सभा उघडली. तीस सभासद. चौदा लोकांनी निवडलेले, सोळा दरबारने नेमलेले. नेमलेल्यांत दोन जागा मुसलमानांच्या. अध्यक्ष स्वतः राजेसाहेब; मतं समसमान पडली तर निर्णय त्यांचा. मार्च १९३९मध्ये प्रजा परिषदेच्या लोकांनी सभेत ठराव आणला, की राज्यकारभार लोकांना जबाबदार असावा. ठराव पडला. विरुद्ध पंधरा, बाजूने चौदा. छापील अहवालात शेवटी एक ओळ होती: 'रा. इमामसाहेब मोमीन गैरहजर.'

एक माणूस आला नाही, आणि एका मताने ठराव पडला. दुसऱ्या मुसलमान सभासदाने तर उघडच विरुद्ध मत दिलं होतं, पण तो दरबारचा माणूस हे सगळ्यांना ठाऊक होतं. इमामसाहेबांकडून लोकांची अपेक्षा होती, म्हणून राग त्यांच्यावर निघाला. मोमीन घाबरला, मोमीन विकला गेला, असं गावात झालं. इमामसाहेबांचा मुलगा दस्तगीर शाळेत गेला तोवर देश स्वतंत्र होऊन संस्थान विलीन झालं होतं, तरी मुलं त्याला 'गैरहजर' म्हणून हाक मारायची. मास्तरांनी हजेरीत त्याचं नाव घेतलं की मागून कुणीतरी ओरडायचं, "गैरहजर!"

हे सगळं दस्तगीरकाकांनीच आसावरीला सांगितलं होतं. ब्याऐंशी वर्षांचे काका भूगोलाचे निवृत्त शिक्षक. बायको गेल्यावर मुलाकडे, कबीरकडे, मॉरिसव्हिलला राहायला आले. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनी गाव सांगितलं आणि आसावरीच्या हातातली ताटली तिरकी झाली. त्यानंतर दोन वर्षं दर मंगळवारी दुपारी ती त्यांच्याकडे जात होती. सभेची वर्षं, सभासदांची नावं, मतदारांच्या याद्या, सगळं विचारून घेत होती. वडिलांची कागदपत्रं एका डब्यात आहेत, हे काकांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. 'डबा द्या' हे शब्द तिच्या तोंडून कधी निघाले नाहीत. तिला वाटायचं, ते आपणहून देतील. देण्यासारखी दुसरी आहेच कोण?

"तू काय सांगितलंस त्यांना?" तिने निधीला विचारलं.

"काही नाही. आम्ही चर्च स्ट्रीटच्या ग्राउंडवर मॅच बघत होतो. मी म्हटलं, काका, तो बॉक्स मला बघायला द्याल का? ते म्हणाले, घरी गेल्यावर घेऊन जा."

इतकंच. निधीचं मराठी तोडकंमोडकं होतं. ती 'डबा मोठी आहे' म्हणायची आणि काका खूश होऊन हसायचे. मंडळातही सगळे तिचं कौतुक करत, की बघा, इथे जन्मूनही किती छान बोलते. आसावरी पंधरा वर्षं त्याच मंडळात स्वच्छ मराठी बोलत होती. त्याचं कौतुक कोण करणार?

"पण मावशी, प्रॉब्लेम असा की सगळं मोडीत आहे," निधी म्हणाली. "मला एक लेटर पण येत नाही, काकांना पण नाही. तुम्ही वाचून द्याल? तुमचं नाव मी अक्नॉलेजमेंटमध्ये नक्की टाकणार."

अक्नॉलेजमेंटमध्ये. आभाराच्या पानावर, ग्रंथपालांच्या नंतर आणि घरच्या मांजराच्या आधी.

"हो, पाठव ना," आसावरी म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने केदारला सांगितलं. तो भाजी चिरत होता. "चांगलं झालं की," तो म्हणाला, "शेवटी कागद बाहेर तर आले." तिला त्याच्या हातातली सुरी काढून घ्यावीशी वाटली. दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

स्कॅन येऊ लागले. रोज सकाळी घर रिकामं झालं की ती लॅपटॉप उघडून बसे. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ओळ सलग धावते; पण आसावरीला इमामसाहेबांचं अक्षर दोन दिवसांत सवयीचं झालं. माणूस वळणदार लिहायचा. धाकट्या भावाला लिहिलेली पण कधी न पाठवलेली पत्रं होती. त्यांत विणकरांच्या सुताचा प्रश्न होता, मशिदीजवळच्या विहिरीचा, सभेत मराठीत बोलावं की उर्दूत, याचा. एकदा त्यांनी लिहिलं होतं, 'दरबारने मला मुसलमानांचा म्हणून नेमले. परंतु मुसलमानांस कोणी विचारले नाही की हा तुमचा आहे काय.' ते वाचून आसावरी उठली आणि स्वयंपाकघरात उगाच फेऱ्या मारू लागली. बारा वर्षं ती जे शोधत होती ते समोर होतं, आणि ते दुसरीच्या नावावर जाणार होतं.

एका गुरुवारी मार्च १९३९चं पत्र आलं. पुढच्या बाजूला इमामसाहेबांनी लिहिलं होतं, की ठरावाच्या दिवशी मी सभेस गेलो नाही, घरीच बसून राहिलो, लोक काय म्हणतात ते ऐकतो आहे. मागच्या बाजूला ओल लागून शाई पसरली होती. तिथे चार ओळी होत्या. आसावरीने चित्र मोठं केलं, काळंपांढरं करून पाहिलं. तासाभरात ओळी लागल्या.

'सकाळीच दिवाणसाहेबांकडे राजीनामा दिला. नेमलेल्याने नेमणाराचे विरुद्ध मत देणे ही लबाडी वाटली, बाजूने देणे ही लाज. मुसलमानाची जागा ठेवावयाचीच तर सर्व गावाने निवडावी, हिंदूनेही मत द्यावे, मग मी उभा राहीन, पडलो तरी चालेल. परंतु मी मत दिले असते तर ठराव बरोबरीत जाऊन राजेसाहेबांस आपल्या तोंडाने नाही म्हणावे लागले असते, हे मागाहून कळले, ते ओझे माझे.'

दरबारने राजीनामा दाबला होता आणि अहवालात 'गैरहजर' छापलं होतं.

आसावरीला निधीचा चेहरा दिसला. ती हे परिषदेत वाचून दाखवणार, लोक उठून टाळ्या वाजवणार, पुस्तक येणार. या चार ओळी नसल्या तर तिच्याकडे एक साधं पत्र होतं. असल्या तर शोध होता.

तिने पुढची बाजू एकही अक्षर न चुकवता टाइप केली. मग कंस केला आणि लिहिलं: 'मागील बाजू: चार ओळी अवाच्य.' सगळे अभ्यासक हा शब्द वापरतात. कुणी जाब विचारत नाही. आपण फक्त थांबतोय, तिने स्वतःला सांगितलं, पुढे कधीतरी मीच यावर लिहीन. मग मेल पाठवली आणि छातीवरचा भार उतरल्यासारखं तिला खरोखरच हलकं वाटलं. नंतर तिला याच गोष्टीची सगळ्यात जास्त लाज वाटली.

एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी कम्युनिटी हॉलमध्ये निधीचं व्याख्यान झालं. पाइनच्या परागांनी बाहेरच्या सगळ्या गाड्या पिवळ्या झाल्या होत्या. साठेक माणसं आली. दस्तगीरकाका पहिल्या रांगेत बसले होते. पांढरा सदरा, त्यावर कोट, डोक्यावर जाळीची टोपी. शेजारी कबीर. आसावरी मागून तिसऱ्या रांगेत बसली.

निधी चांगली बोलली, आणि तेही आसावरीला सहन झालं नाही. नेमलेल्या प्रतिनिधींची कोंडी तिने सोप्या शब्दांत मांडली. राजा त्यांना पुढे करून सांगायचा, की बघा, मुसलमान माझ्या बाजूने आहेत. आणि बाहेर कुणी स्वतंत्र मतदारसंघ मागायचं, कुणी सगळ्यांचा एकच. मग ती इमामसाहेबांवर आली. पडद्यावर पत्राची पुढची बाजू होती.

"ही वॉज अ डीसेंट मॅन," ती म्हणाली. "पण त्या दिवशी त्यांनी घरी राहणं चूज केलं. गप्प राहणं हा पण एक प्रकारचा सपोर्ट असतो. दरबारला तेच पाहिजे होतं."

प्रश्नोत्तरांत काका उठले. कबीरने हात दिला, तो त्यांनी बाजूला केला.

"पोरी, ते घरी का बसले, हे त्यांनी लिहिलं नाही होय?"

"काका, मागे चार ओळी आहेत, पण त्या खराब झाल्यात. आसावरीमावशींनी खूप ट्राय केलं."

काका सावकाश मागे वळले. त्यांची नजर रांगांमधून आसावरीला शोधत आली.

"तुम्हालाही नाही लागल्या, बाई?"

सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. तेव्हाही बोलता आलं असतं. घरी पुन्हा पाहते, असं नुसतं म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं.

"नाही," आसावरी म्हणाली.

"बरं," काका म्हणाले आणि खाली बसले.

पुढच्या मंगळवारी ती नेहमीसारखी गेली. न जाणं जास्त संशयास्पद दिसेल, असं तिने मनाशी ठरवलं होतं. खरं म्हणजे तिला काकांचं तोंड बघायचं होतं; आपण किती नुकसान केलं याचा अंदाज घ्यायचा होता. कबीर त्या दिवशी घरून काम करत होता. काका सोफ्यावर फोन नाकाजवळ धरून बसले होते.

"बसा. एक मेसेज लिहितोय," ते म्हणाले. "करंजगडची मंडळी स्मरणिका काढताहेत. सभेच्या सगळ्या सभासदांचे फोटो छापणार म्हणे. अब्बांचा मागितलाय. उद्या शेवटची तारीख."

"मग पाठवलात?"

"नाही हो. 'फोटो उपलब्ध नाही' असं लिहितोय." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "जन्मभर मला वाटायचं, काहीतरी कारण असेल. माणूस तसा नव्हता, काहीतरी असेल. अब्बा कधी बोलले नाहीत, आईलाही माहीत नव्हतं, तीही हेच म्हणायची. आता त्यांच्याच हाताचं पत्र सांगतंय की घरी बसलो होतो. मग कशाला छापायचा फोटो? लोकांनी पुन्हा बोट ठेवायला?"

हे सगळं ते शाळेत शिकवावं तसं शांतपणे सांगत होते. त्यांचं बोट पाठवायच्या बाणावर होतं.

"थांबा, काका," आसावरी म्हणाली.

"काय झालं?"

"त्या ओळी मला लागल्या होत्या. पहिल्याच दिवशी."

आतल्या खोलीत कबीर कुठल्यातरी मीटिंगमध्ये बोलत होता. काकांनी फोन मांडीवर ठेवला.

"आणि शनिवारी?"

"खोटं बोलले."

"का?"

ती येताना गाडीत काहीच ठरवून आली नव्हती. काही बरं कारण सापडतंय का, ते तिने क्षणभर शोधलं. सापडलं नाही.

"तुम्ही डबा तिला दिलात म्हणून."

काकांना ते समजायला वेळ लागला. एवढ्यासाठी, असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं, आणि त्या दोन वर्षांत पहिल्यांदाच ते तिला खूप म्हातारे दिसले.

"तिनं मागितला, बाई," ते म्हणाले. "तुम्ही कधी मागितलातच नाही. मी आपला समजत होतो, तुम्हाला सरकारी कागदच पुरतात. आमचं घरचं कशाला लागेल."

आसावरीने पिशवीतून फोन बाहेर काढला.

"वाचा," ते म्हणाले.

तिने फोनवर स्कॅन काढला आणि वाचलं. 'राजीनामा' शब्दाला काकांनी डोळे मिटले. 'सर्व गावाने निवडावी' इथे त्यांची मान हलली. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचायला लावली.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं," ते म्हणाले. "आपल्या एका मताने काय झालं असतं, ते ठाऊक होतं त्यांना."

"हो."

"म्हणजे गावसुद्धा सगळं खोटं बोलत नव्हतं." त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज तसाच होता. "विकले गेले नव्हते. घाबरले नव्हते. चुकले होते. चुकले तर चुकले, माणूस आहे. हे मला चालतं. हे सांगता येतं कुणाला."

त्यांनी कबीरला हाक मारली आणि कपाटातला फोटो काढायला सांगितला. कबीरने विचारलं, काय झालं. ते म्हणाले, नंतर. मग आसावरीकडे वळले.

"आता त्या पोरीला सांगा. तिला मी काही बोलणार नाही, ते तुमचं काम. आणि काही दिवस मंगळवारी येऊ नका. राग आहे असं नाही. आहेसुद्धा. पण येऊ नका."

निधीला सांगायला तिला आणखी दोन दिवस लागले. निधी तिच्या त्या उंच टेबलाशी उभी होती. ऐकता ऐकता तिचा हात कीबोर्डवरून खाली आला.

"वेट. यू कुड रीड इट?"

"हो."

"आणि तुम्ही मला तिथे उभं राहू दिलंत? मी त्यांच्या वडिलांबद्दल ते बोलले, मावशी. त्यांच्या तोंडावर. ही वॉज सिटिंग राइट देअर!" तिचा आवाज चिरकला. "माझ्यावर राग होता तर मला सांगायचं. मी तुमचं काय घेतलं?"

आसावरीकडे याचं मोठं उत्तर होतं. व्हिसाची वर्षं, करारावरची नोकरी, खिडकी, पाटी, मंगळवार. त्यातलं काहीच निधीने घेतलेलं नव्हतं. "काही नाही," ती म्हणाली.

तिने चार ओळींचा कागद टेबलावर ठेवला. निधीने तो तिच्यादेखत वाचला, आणि तिसऱ्या ओळीपाशी राग विसरून तिचे डोळे चमकले. तो आनंद आसावरीला चांगला ओळखीचा होता. त्या गुरुवारी तो तिला झाला होता. तिथेच, माफी मागताना, तिला पुन्हा तीच मत्सराची कळ आली.

निधीने विभागप्रमुखांना काहीही कळवलं नाही. आसावरी महिनाभर विभागप्रमुखांच्या मेलची वाट बघत होती. ती आलीच नाही. पुढच्या सेमिस्टरचा करार नेहमीसारखा आला. निधीने पुन्हा तेवढ्याच लोकांना बोलावून दुरुस्त व्याख्यान दिलं. 'मी चूक सांगितलं होतं' अशी सुरुवात केली आणि कुणामुळे, ते सांगितलं नाही. आसावरी गेली नव्हती. केदारने येऊन सांगितलं. मनाचा मोठेपणाही निधीच्याच वाट्याला यावा, हे आसावरीला गिळता गिळवेना. एवढं होऊनही मनात हेच यावं, याचं तिला नवल वाटलं. मग तेही वाटेनासं झालं.

उरलेली पत्रं निधीने तिच्याकडे पाठवली नाहीत. उन्हाळ्यात ती स्वतः मोडी शिकायला लागली, पुण्याच्या कुणा शिक्षकांकडे ऑनलाइन. ऑगस्टमध्ये काकांचा फोन आला. स्मरणिका छापून आली होती, फोटो जरा काळा आला होता. "येत्या मंगळवारी आलात तरी चालेल," ते म्हणाले. "निधीही असते हल्ली. मला वाचून दाखवते. फार चुकते." ते हसले. आसावरी गेली नाही. त्या दोघांना एका सोफ्यावर बघायची तिची तयारी नव्हती.

सप्टेंबरात निधीची मेल आली, पाच महिन्यांनी पहिल्यांदा. 'मावशी' नव्हतं, 'आसावरीताई' होतं. एका पत्रातली ओळ तिने स्वतः वाचली होती, पण अर्थ लागत नव्हता. तिने लिहिलं होतं: 'माझा दिन वेगळा परंतु गाव एकच.' माझा दिवस वेगळा, म्हणजे काय? त्या दिवशी काही झालं होतं का? लेखात हे वाक्य घ्यायचंय, शुक्रवारी पाठवायचाय.

आसावरीला बघताक्षणी कळलं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे लिहीत नाहीत. तो 'दिन' नव्हता, उर्दूतला 'दीन' होता. माझा धर्म वेगळा, पण गाव एकच. संबंध माणूस त्या एका ओळीत होता, आणि निधीला तो दिसत नव्हता. आसावरीला आनंद झाला, अगदी उघडा, निर्लज्ज आनंद. बुधवारचा सगळा दिवस तिने ती ओळ स्वतःजवळ ठेवली. तास घेतले, किराणा आणला, केदारशी भांडली आणि रात्रीचं जेवणही केलं, आणि ती ओळ तिच्याजवळच होती.

गुरुवारी सकाळी तिने निधीला फोन लावला. मेल करणं सोपं होतं, म्हणून फोन.

"दीन," ती म्हणाली. "दीर्घ वाच. म्हणजे धर्म. आणि काकांना विचार, ते हा शब्द कसा उच्चारतात. माझ्यापेक्षा त्यांना बरोबर येईल."

पलीकडे निधी ती ओळ मोठ्याने वाचू लागली, अडखळत, आणि आसावरी फोन कानाला धरून ऐकत राहिली.